सात नंबरचं चॅनेल सातवर नसतं

१२ जून २००९, शुक्रवार. या एका दिवसात अमेरिकेतल्या जवळपास ९७० टीव्ही स्टेशनांनी आपलं अ‍ॅनलॉग प्रक्षेपण बंद केलं. त्यासाठी कायदा झाला होता, जाहिराती झाल्या होत्या, घराघरात कूपनं वाटून झाली होती. तरीही एफसीसीच्या (म्हणजे अमेरिकेतलं दूरसंचार आणि प्रसारण या दोन्हींवर देखरेख करणारं सरकारी खातं) हेल्पलाइनवर त्या दिवशी ३ लाखांहून जास्त फोन आले.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल काय? शेवटच्या दिवसापर्यंत झोपून राहणारे लोक सगळ्याच देशांत असतात. खरं आहे. पण फोन करणाऱ्यांत दुसरीही एक जमात होती. या मंडळींनी काही महिने आधीच डिजिटल डबा आणला होता, अँटेनाला जोडला होता, चॅनेलं शोधून ठेवली होती आणि आरामात टीव्ही बघत होती. त्या दिवशी त्यांची बाकीची चॅनेलं शाबूत राहिली आणि नेमकं एखादंच गायब झालं. शिकागोत ७ नंबर, फिलाडेल्फियात ६ नंबर. ज्यांनी अभ्यास वेळेवर केला तेच नापास! हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर आधी चॅनेलचा नंबर ही काय भानगड आहे ते बघावं लागेल.

अ‍ॅनलॉगच्या जमान्यात चॅनेलचा नंबर म्हणजे हवेतला पत्ता होता, अक्षरशः. अमेरिकेत प्रत्येक टीव्ही चॅनेलला ६ मेगाहर्ट्झची एक पट्टी मिळते. २ नंबर म्हणजे ५४ ते ६० मेगाहर्ट्झ, ७ नंबर म्हणजे १७४ ते १८०, आणि १४ पासून पुढचे सगळे ४७० मेगाहर्ट्झच्या वर. (१ नंबर कुठे गेला? तो १९४८ मध्ये टीव्हीकडून काढून घेतला. म्हणून अमेरिकन टीव्हीची मोजणी २ पासून.) २ ते १३ म्हणजे व्हीएचएफ, १४ पासून पुढे यूएचएफ. टीव्हीचं खटक्याचं बटण ७ वर फिरवलं की टीव्हीतलं सर्किट १७४ ते १८० ऐकायला लागायचं. मध्ये कुणी नाही. नंबर हाच पत्ता आणि पत्ता हीच जागा.

या पत्त्यांचं वाटप हा आपल्या लोकांना ओळखीचा वाटावा असा प्रॉब्लेम होता. एकाच नंबरवरची दोन स्टेशनं जवळ आली तर एकमेकांच्या चित्रात घुसतात, शेजारशेजारचे नंबर एका शहरात दिले तरी त्रास होतो. सुरुवातीला एफसीसीने फार विचार न करता परवाने दिले आणि गोंधळ झाला, तेव्हा १९४८ मध्ये नवे परवाने देणं थांबवून ते आकडेमोड करायला बसले. ही आकडेमोड १९५२ पर्यंत चालली. मग कुठल्या गावात कुठले नंबर याचा देशभराचा तक्ता निघाला. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडे २, ४, ५, ७, ९, ११, १३ अशी माळ दिसते ती यामुळेच. ४ आणि ५ एका शहरात कसे, असं विचारणाऱ्याला शाबासकी. या दोन नंबरांच्या मध्ये ४ मेगाहर्ट्झची फट आहे, त्यामुळे ते नुसत्या आकड्यांचे शेजारी, हवेतले नव्हेत.

हळूहळू पत्त्याचं नाव झालं. स्टेशनांनी आपला नंबर लोगोत घेतला, बातम्यांच्या नावात घेतला, गाड्यांवर रंगवला. शिकागोत एबीसीचं डब्ल्यूएलएस म्हणजे '७', फिलाडेल्फियात डब्ल्यूपीव्हीआय म्हणजे '६'. त्यात लहान नंबराला मान जास्त, कारण तो व्हीएचएफ. यूएचएफवाले म्हणजे गावाबाहेरची वस्ती. कित्येक टीव्हींना यूएचएफ लागायचंच नाही. शेवटी १९६२ मध्ये कायदा करून १९६४ पासून सगळ्या नव्या टीव्हींना ते सक्तीचं करावं लागलं. तरीही घडीचा लांब अँटेना २ ते १३ साठी आणि वर एक बिचारी गोल तार १४ च्या पुढच्यांसाठी, हा भेद पुढची कित्येक वर्षं राहिला. ही प्रतवारी लक्षात ठेवा, कारण पुढे तीच उलटी होणार आहे.

आता डिजिटलकडे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये एफसीसीने एटीएससी नावाचं डिजिटल प्रमाण स्वीकारलं. अडचण अशी की कोट्यवधी घरांतले टीव्ही एका रात्रीत डिजिटल होणार नव्हते, आणि एका पट्टीत एकाच वेळी अ‍ॅनलॉग आणि डिजिटल दोन्ही पाठवता येत नव्हतं. मग १९९७ मध्ये जवळजवळ प्रत्येक स्टेशनला आणखी एक ६ मेगाहर्ट्झची पट्टी उसनी देण्यात आली. जुन्यावर अ‍ॅनलॉग चालू ठेवा, नव्यावर डिजिटल सुरू करा, आणि एक दिवस जुनं बंद करून एक पट्टी परत द्या. ज्यांनी मोठी सिस्टिम चालू ठेवून खालची मशीन बदलली आहेत, त्यांना ही पद्धत नीट माहीत असेल. दोन्ही समांतर चालवायची, लोक नव्यावर गेले की जुनी बंद.

रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्या खरंच रिकाम्या असतात का, याचा एक धडा लगेचच मिळाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये डॅलसच्या डब्ल्यूएफएए स्टेशनने ९ नंबरवर डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली, आणि त्याच शहरातल्या बेलर हॉस्पिटलमध्ये पेशंटांच्या छातीवर लावलेल्या बिनतारी हार्ट मॉनिटरांचे सिग्नल गायब झाले! ही यंत्रं टीव्हीच्या मोकळ्या चॅनेलांमध्येच गुपचूप आपलं काम करत होती. नियमाने त्यांना परवानगी होती, पण टीव्ही स्टेशन आलं तर जागा सोडायची या अटीवर. नशिबाने कुणाला इजा झाली नाही, कारण समजल्यावर स्टेशनने प्रक्षेपण थांबवलं. पुढे २००० मध्ये एफसीसीने अशा वैद्यकीय यंत्रांसाठी वेगळ्या पट्ट्या राखून दिल्या. कागदावर 'कुणी वापरत नाही' असं लिहिलेलं पोर्ट बंद केलं की तीन मजले खालून कुणीतरी ओरडत येतो, हा अनुभव आपल्या धंद्यात किती जणांना आहे ते हात वर करून सांगा. :)

आता कळीचा प्रश्न. डब्ल्यूएलएसला डिजिटलसाठी उसनी पट्टी मिळाली ती ५२ नंबरची. पण पन्नास-साठ वर्षं 'सात, सात' म्हणून डोक्यात बसवलेलं नाव सोडणार कोण? 'आजपासून आम्ही बावन्न' असं सांगायला कुठलंच स्टेशन तयार नव्हतं.

यावर एटीएससीने काढलेला तोडगा आपल्याला लगेच पटेल. नाव आणि पत्ता यांची फारकत करायची. डिजिटल सिग्नलमध्ये चित्र आणि आवाजाबरोबर एक छोटा तक्ताही सतत पाठवला जातो. त्यात स्टेशन स्वतःची ओळख सांगतं, 'मी ७.१'. टीव्ही किंवा डबा पहिल्यांदा सुरू केला की तो सगळ्या पट्ट्या एकेक करून चाचपतो. ५२ वर काहीतरी सापडतं, त्यातला तक्ता वाचतो आणि आपल्या मेमरीत टिपून ठेवतो, '७.१ मागितलं की ५२ वर जा'. रिमोटवर ७ दाबणाऱ्याला ५२ नंबर कधी दिसतच नाही. वेबसाइटचं नाव तेच राहतं आणि खालचा आयपी अ‍ॅड्रेस बदलतो, तसंच हे. न्यूयॉर्कचं '४' प्रत्यक्षात २८ वर होतं, '२' होतं ३३ वर, आणि तिथल्या बहुतेक लोकांना हे आजही माहीत नसेल.

सुंदर डिझाइन. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. वेबसाइटचा पत्ता बदलला की तुमचा ब्राउझर थोड्या वेळाने पुन्हा चौकशी करतो. टीव्हीचे बरेचसे डबे तसं करत नव्हते. एकदा चाचपून जे टिपलं ते टिपलं. स्टेशनने जागा बदलली की डबा इमानदारीने जुन्या पत्त्यावर जाऊन उभा राहणार, तिथे कुणी नाही म्हणून 'सिग्नल नाही' असं सांगणार. नवा पत्ता हवा असेल तर घरातल्या माणसाने स्वतः मेनूत जाऊन पुन्हा शोध चालवायचा, ज्याला तिकडे 'रीस्कॅन' म्हणतात. म्हणजे यंत्रणेच्या टोकाला, सगळ्यात शेवटी, एक माणूस हातात रिमोट घेऊन बसलेला आहे हे गृहीत धरलेलं होतं.

आणि पत्ता बदलणार हे तर आधीपासून ठरलेलं होतं. जुनं बंद झाल्यावर स्टेशनांनी दोनपैकी कुठली पट्टी ठेवायची हा पर्याय त्यांना दिला होता. फक्त अंतिम जागा २ ते ५१ मध्ये हवी. ५२ ते ६९ हा ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा, १०८ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा सरकारला परत हवा होता. त्यातला २४ मेगाहर्ट्झ पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये बचावदलांच्या वॉकीटॉकींचे जे हाल झाले, त्यानंतर ही मागणी कुणालाच नाकारता येण्यासारखी नव्हती. उरलेला मोबाइल कंपन्यांना लिलावाने. या लाटा भिंतीतून छान आत शिरतात, त्यामुळे मोबाइलवाल्यांना या पट्ट्याची भूक मोठी. २००८ च्या लिलावात सुमारे १९.६ अब्ज डॉलर जमा झाले, त्यातले ९ अब्जांहून जास्त एकट्या व्हेरायझनचे. अमेरिकेतलं त्यांचं ४जी पुढे याच पट्टीवर उभं राहिलं.

मूळ मुदत होती २००६ अखेरची, पण ८५ टक्के घरं तयार झाल्याशिवाय बंद करायचं नाही अशी पळवाट कायद्यातच होती. लिलावाचा पैसा दिसायला लागल्यावर पळवाट काढून टाकली आणि १७ फेब्रुवारी २००९ ही पक्की तारीख ठरली.

म्हणजे ५२ वरच्या डब्ल्यूएलएसला हलणं भागच होतं. त्यांनी आपलं मूळचं ७ निवडलं. डब्ल्यूपीव्हीआय ६४ वर होतं, त्यांनी ६ निवडलं. बोस्टनच्या डब्ल्यूएचडीएचने ७ निवडलं. माणूस घरी परततो तसं. शिवाय हिशोबही होता. व्हीएचएफमध्ये तेवढाच प्रदेश व्यापायला यूएचएफपेक्षा खूप कमी ताकद पुरते, विजेचं बिल कमी येतं. जुना मानाचा नंबर आणि वर बचत, कोण सोडेल?

इथे फिजिक्स आडवं आलं. साधा अँटेना चांगला चालायला त्याची लांबी लाटेच्या निम्मी असावी लागते. ५२ नंबरसाठी ही लांबी भरते साधारण २१ सेंटिमीटर, म्हणजे टेबलावर मावेल अशी. ७ नंबरसाठी ८५ सेंटिमीटर. आणि ६ नंबरसाठी पावणेदोन मीटर, म्हणजे एका उभ्या माणसाएवढी! डिजिटलच्या लाटेत दुकानांमध्ये सुबक, छोटे, 'एचडी अँटेना' म्हणून विकले गेले ते बहुतेक यूएचएफच्या मापाचे. त्यात व्हीएचएफच्या पट्टीत घरातल्या मोटारी, मिक्सर, चार्जर यांचा विजेचा कचरा जास्त. अ‍ॅनलॉगमध्ये या कचऱ्याने चित्रावर मुंग्या यायच्या, एवढंच.

मुंग्या! आपल्याकडे ज्यांनी दूरदर्शनचा काळ पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, एक जण खिडकीत, आणि घरातून आवाज, 'आलं आलं... गेलं!' मुंग्यांमधून मॅच बघितलेली पिढी आहे आपली. अ‍ॅनलॉगचा मोठेपणा असा की सिग्नल अर्धामुर्धा असला तरी तो अर्धामुर्धा दिसतो. डिजिटलमध्ये ही मधली अवस्था जवळजवळ नाहीच. चुका दुरुस्त करण्याच्या मर्यादेत सिग्नल असेल तोवर चित्र काचेसारखं, आणि मर्यादा ओलांडली की चौकोन, खरखर, आणि काळा पडदा. तिकडचे इंजिनियर याला कडा म्हणतात, डोंगराचा असतो तो. काल जे घर मुंग्यांसह '६' बघत होतं ते आज कड्याच्या खाली होतं.

म्हणजे जो लहान नंबर पन्नास वर्षं खानदानी होता तोच आता गळ्यातलं लोढणं झाला, आणि गावाबाहेरची यूएचएफ वस्ती झाली मोक्याची जागा.

आता १२ जूनची फजिती नीट कळेल. शिकागोतल्या एखाद्या घराने जानेवारीत डबा आणला. डब्याने टिपलं, '७.१ म्हणजे ५२'. छोट्या अँटेनावर ५२ झकास दिसत होतं. १२ जूनला डब्ल्यूएलएस ५२ सोडून ७ वर गेलं. डबा ५२ वर जाऊन वाट बघत बसला. काहींनी पुन्हा शोध चालवला, तर काही डब्यांनी जुनी नोंद पुसलीच नाही. मग एफसीसीने 'डबल रीस्कॅन' नावाचा मंत्र सांगितला. अँटेना काढा, शोध चालवा, म्हणजे डब्याला काहीच न सापडून यादी कोरी होईल. मग डब्याची वीज काढा, अँटेना जोडा, आणि पुन्हा शोध चालवा. ओळखलंत ना? हे कॅश साफ करणं आहे, आणि तेही फोनवरून, रिमोट हातात धरलेल्या माणसाकडून करून घ्यायचं. आणि एवढं करूनही छोट्या अँटेनाला ७ झेपलं नाही तर पदरी काहीच नाही.

फिलाडेल्फियाची तर आणखी एक हानी झाली. अ‍ॅनलॉग ६ नंबरचा आवाज ८७.७५ मेगाहर्ट्झवर यायचा, म्हणजे एफएम रेडिओच्या अगदी उंबऱ्यावर. त्यामुळे लोक गाडीत, स्वयंपाकघरात, साध्या रेडिओवर 'सहा'च्या बातम्या ऐकायचे. कुणी योजलेली सोय नव्हती ती, पण लोकांनी आपली मानली होती. तीही त्या दिवशी गेली.

पुढे डब्ल्यूपीव्हीआयला ताकद वाढवायची परवानगी मिळाली. डब्ल्यूएचडीएच यूएचएफमध्ये आपल्या ४२ वर परत गेलं. डब्ल्यूएलएसने ४४ मिळवलं. आणि दर वेळी प्रेक्षकांना तोच निरोप: कृपया रीस्कॅन करा.

यात वाईट माणूस कुणी नव्हता. उलट तयारी बऱ्यापैकी होती. सरकारने प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कूपनं देऊ केली, कन्व्हर्टर डबे साधारण ४० ते ८० डॉलरचे होते. उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात ८ सप्टेंबर २००८ ला दुपारी १२ वाजता रंगीत तालीमही झाली. तिथे बंद होणार हे बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. तरी शेकडो फोन आले, आणि तक्रारींतला मोठा भाग एकाच स्टेशनचा, डब्ल्यूईसीटीचा. ते अ‍ॅनलॉगमध्ये ६ नंबरवर एका उंच टॉवरवरून लांबवर जायचं. डिजिटलमध्ये ४४ वर, दुसऱ्या जागेच्या टॉवरवरून. नकाशावरचं वर्तुळ सरकलं आणि कडेची गावं बाहेर पडली. हवाईने तर पक्ष्यांसाठी तारीख अलीकडे घेतली. हालेआकाला डोंगरावर पेट्रेल जातीचे दुर्मिळ पक्षी घरटी करतात, त्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत जुने टॉवर उतरवता यावेत म्हणून तिथे १५ जानेवारी २००९ लाच अ‍ॅनलॉग बंद झालं. पक्ष्यांचा विचार करणारी योजना होती ही, हे मुद्दाम सांगतोय.

पण जानेवारी २००९ च्या सुरुवातीला कूपनांचे पैसे संपले. लाखो लोक वेटिंग लिस्टवर. नील्सनच्या तेव्हाच्या मोजणीप्रमाणे सुमारे ६५ लाख घरं अजिबात तयार नव्हती. म्हणून ओबामा आल्या आल्या मुदत १२ जूनपर्यंत वाढली. तरी एक तृतीयांशाहून जास्त स्टेशनांनी फेब्रुवारीपर्यंत बंद करून टाकलं, दोन दोन ट्रान्समीटरांची बिलं किती दिवस भरणार? मुदत संपली तेव्हाही जवळपास २५ लाख घरं तयार नव्हतीच. गंमत म्हणजे सगळ्यांना काळजी होती म्हाताऱ्या लोकांची, आणि ५५ च्या वरच्यांची घरंच त्यातल्या त्यात जास्त तयार निघाली. मागे राहिली ती तरुणांची, कृष्णवर्णीयांची आणि हिस्पॅनिकांची घरं. केबलचे पैसे नसलेली, वरचेवर भाड्याची जागा बदलणारी, इंग्रजी सूचना न वाचणारी.

आणखी एक बारीक अन्याय. गावोगावची कमी ताकदीची छोटी स्टेशनं, त्यात कित्येक स्पॅनिश भाषेतली, यांना अ‍ॅनलॉग चालू ठेवायची मुभा होती. पण कूपनवर मिळणाऱ्या सुरुवातीच्या बऱ्याच डब्यांत अ‍ॅनलॉग सिग्नल तसाच पुढे जाऊ देण्याची सोयच नव्हती. डबा जोडला की मोठी स्टेशनं आली आणि घराशेजारचं छोटं स्टेशन गेलं. यांचं अ‍ॅनलॉग सक्तीने बंद झालं ते थेट १३ जुलै २०२१ ला. म्हणजे १२ जून २००९ ही काही शेवटची तारीख नव्हतीच.

एवढं झाल्यावर निदान पत्ते तरी स्थिर राहतील? छे! स्मार्टफोन आले, मोबाइल कंपन्यांना आणखी जागा हवी झाली, आणि एफसीसीने २०१६-१७ मध्ये एक अफलातून लिलाव केला. उलटा आणि सुलटा, दोन्ही एकदम. एका बाजूने टीव्ही स्टेशनांना विचारायचं, 'किती घेऊन जागा सोडता?' आणि भाव उतरवत न्यायचा. दुसऱ्या बाजूने मोबाइल कंपन्यांना विचारायचं, 'किती देता?' जी स्टेशनं उरतील त्यांना खालच्या पट्ट्यांत दाटीवाटीने बसवायचं. याला 'रीपॅक' म्हणतात, बॅग पुन्हा भरणं.

आता ही बॅग भरणं म्हणजे १९५२ चाच प्रॉब्लेम, ग्राफ कलरिंगचा, फक्त राक्षसी आकाराचा. कॅनडाची धरून सुमारे ३००० स्टेशनं आणि 'हे या चॅनेलवर असेल तर ते त्यावर नको' अशा २५ लाखांच्या वर अटी. कागदावर हा एनपी-कम्प्लीट प्रश्न. आणि लिलावात प्रत्येक बोलीला विचारायचं की हे स्टेशन लिलावातून बाहेर पडलं तर उरलेल्या पट्ट्यांत याला बसवता येतं का? नाही म्हणालात तर त्याचा भाव तिथेच गोठतो, म्हणजे चुकीचं 'नाही' सरकारला लाखो डॉलरला पडतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या केव्हिन लेटन-ब्राउन यांच्या गटाने यासाठी खास सॅट सॉल्व्हर लिहिला, जो मिनिटभराच्या आत बहुतेक वेळा उत्तर द्यायचा. लिलावाची रचना करणाऱ्यांतले पॉल मिलग्रम यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर. कोड ओपन सोर्स आहे, जरूर बघा.

सरकारला आधी १२६ मेगाहर्ट्झ हवे होते, पण स्टेशनांनी त्याचे सांगितले ८६ अब्ज डॉलर! चार फेऱ्यांनंतर ८४ मेगाहर्ट्झवर सौदा जमला. मोबाइलवाल्यांनी मोजले सुमारे १९.८ अब्ज, स्टेशनांना मिळाले १० अब्ज. ३८ ते ५१ ही चॅनेलं टीव्हीकडून गेली आणि ९०० हून जास्त स्टेशनांना नवे पत्ते मिळाले. 'अ'ला 'ब'ची जागा हवी, 'ब'ला 'क'ची, 'क' अजून हललेलाच नाही, अशा साखळ्या सोडवण्यासाठी १० टप्पे पाडले. २०२० च्या जुलैपर्यंत, म्हणजे शेवटचे काही महिने कोरोनात, हे काम संपलंसुद्धा. इंजिनियरिंग म्हणून याला सलाम.

पण आपण कोडवाले 'रीअसाइन' हा शब्द टाइप करतो तेव्हा दुसऱ्या टोकाला काय असतं ते बघा. तिथे असतो टॉवर, त्यावर टनभर वजनाचा नवा अँटेना चढवायचा असतो, आणि एवढ्या उंचीवर काम करणारी पथकं अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९ एप्रिल २०१८ ला मिसूरी राज्यात फोर्डलँडजवळ एका सार्वजनिक टीव्ही स्टेशनचा जवळपास २००० फूट उंच टॉवर कोसळला. चॅनेल बदलायचं म्हणून त्याचं बळकटीकरण चालू होतं. एक कामगार त्यात गेला. सॉल्व्हरच्या उत्तरात तो होता फक्त एका आकड्याचा दुसरा आकडा.

आणि घराघरांतल्या लोकांना पुन्हा तोच निरोप, टप्प्याटप्प्याने, कधी एकाच गावात दोन-तीनदा: कृपया रीस्कॅन करा. डब्ल्यूएलएस आता ४४ वरून २२ वर गेलं. ७ आणि ५२, मग ७, मग ४४, मग २२. पडद्यावर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ७.

आपल्याकडे ही कहाणी वेगळ्या वाटेने गेली. आपण गच्चीवरचा अँटेना खूप आधी सोडून केबलवर गेलो होतो. ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुणे, नागपूर, नाशिककडे केबलचं डिजिटायझेशन झालं, तेव्हा फ्रिक्वेन्सींची उलथापालथ केबलवाल्याच्या खोलीत झाली. आपल्या वाट्याला डब्याचं बिल आणि नवे नंबर आले. दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनलॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद झाले, फारसा गाजावाजा न होता. ७०० मेगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे २०२२ च्या लिलावात जिओने घेतली. तुमच्या फोनला आतल्या खोलीत रेंज येते त्यात या लाटांचा वाटा असू शकतो.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. नाव आणि पत्ता वेगळे करणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. तिच्यामुळे खालचं सगळं जग हलवता येतं आणि वरून काहीच हललेलं दिसत नाही. पण त्याच युक्तीमुळे हलवणं फार स्वस्त वाटायला लागतं. ५२ हे खरोखर ५२ म्हणून लोकांना माहीत असतं तर ते बदलताना स्टेशनने शंभरदा विचार केला असता. नाव तेच राहणार म्हटल्यावर कुणाला काय फरक पडतो, असं वाटतं. फरक पडतो तो हिशोबात न धरलेल्या जागी: मेनू शोधणाऱ्या बोटांत, टेबलावरच्या २१ सेंटिमीटरच्या अँटेनात, वर्तुळाबाहेर गेलेल्या गावात, टॉवरवर चढलेल्या माणसात. १९ अब्ज इकडे, १९ अब्ज तिकडे जमा झाले, आणि रीस्कॅन करणाऱ्याचा वेळ कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी 'युजरला फक्त एकदा रिफ्रेश करावं लागेल' असं म्हणालं, तर त्या 'फक्त'वर जरा थांबा. किती जण, किती वेळा, आणि ज्याला ते जमणार नाही त्याच्याकडे कोण जाणार, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली की खुशाल हलवा.